जागेवरची सायकल

"...पण चाचा, दिवसभर पायडल मारून तुमचे पाय भरून कसे येत नाहीत?"

संयोगितानं तिसऱ्यांदा विचारलं. हुसेनचाचा शिकलगार कोल्हापुरात गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरायचे. सायकल स्टँडवर चढवायची, पायडल मारलं की हँडलवरचा दगड गरगरायचा. वयानं सत्तरी ओलांडली, पायांना मात्र ते कुणी कळवलंच नव्हतं.

संयोगिता सायकलच्या शर्यतीत जिल्ह्यात पहिली. तसं ती सगळ्यांना सांगायचीही. पण नाव ऐकून घाट काही सपाट होत नाही. अर्ध्या चढावर तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे. रविवारी राज्याच्या संघाची निवड होती, आणि तीही घाटातच.

सरावाला सायकलिंगचे सर ओरडायचे, "दणके घालू नकोस, गोल फिरव!"

गोल म्हणजे काय? पायडल गोलच तर फिरतं!

चाचा उतरले. "बस."

तिनं असा जोर लावला, की सायकल स्टँडसकट हलली. चाचांनी समोरून दगडाला सुरी टेकवली.

खर्र... खर्र... खर्र...

"ऐकलंस?"

"काय?"

"मधनंमधनं सुरी मुकी हुतीया."

ती दातओठ खाऊन पुन्हा मारू लागली. आवाज आणखीच तुटला. आता तिला रडूच यायचं बाकी होतं.

"एकेक पायडल मोजून मारतेय, चाचा! आणखी काय करू?"

चाचांनी सुरी तिच्याच हातात दिली.

"भाजीवाल्या मावशीची हाय. जपून... बोटं तुझी हायत."

दणका बसला की पातं उडायचं. घाबरून ती पात्यावर वाकली. जरा तिरकं धरलं, जरा हलकं. पात्याची कड हळूहळू उजळू लागली.

खर्रर्रर्रर्रर्र...

कुठं तुटेना. कितीतरी वेळ.

मावशी सुरी न्यायला आली, तेव्हा संयोगिता भानावर आली. पाय फिरतच होते आणि अजिबात दुखत नव्हते. तिला इतका आनंद झाला, की ती एकटीच हसत सुटली.

"जमलं, चाचा! आता सांगा, पाय कसे फिरवले मी? रविवारी अगदी तस्सेच फिरवते."

चाचांनी अंगठ्यावर धार पाहिली. खुशीत मान डोलावली.

"कुणाला ठावं, पोरी... मीबी सुरीकडंच बघत हुतो."