भिंगाची परीक्षा

एक होता कॅमेरा, एक होतं त्याचं जुनं भिंग आणि एक होती तीन पायांची तिवई. फोटोवाल्या गजाबाच्या घरी तिघं भावंडांसारखी राहायची.

गजाबाच्या घरी बाळ आलं आणि तेव्हापासून फोटो धूसर यायला लागले. गजाबा बायकोला म्हणाला, "पारू, भिंग म्हातारं झालं. परीक्षा घेतो. नापास झालं तर भंगारात." त्यानं खिडकीला वर्तमानपत्र अडकवलं, कॅमेरा हातात धरला आणि फोटो काढला. सगळी अक्षरं फिसकटलेली.

"मी तर चांगला आहे बाबा," कॅमेरा म्हणाला. भिंग रडवेलं झालं.

कोपऱ्यातून तिवई म्हणाली, "रडू नकोस, भिंगा. कागद वाऱ्यानं हलतोय, गजाबाचा हात कापतोय आणि मी इथं बाळाची दुपटी वाळवत उभी." असं म्हणून तिनं अंग झटकलं, ती ओल्या दुपट्यांसकट धाडकन गजाबाच्या पायाशी पडली.

पारू हसली. "अहो, आधी हिच्यावर कॅमेरा बसवा, कागद भिंतीला सपाट चिकटवा, मग भिंगाला नावं ठेवा."

गजाबानं तसं केलं. धक्का नको म्हणून आपोआप दाबलं जाणारं बटण लावून तो बाजूला झाला. फोटोत कोपऱ्यातलं बारीक अक्षरसुद्धा लख्ख आलं.

मग त्यानं बाळाचा फोटो काढला. पापणीचा केस न् केस वेगळा. तो बघून गावोगावची लेकुरवाळी माणसं गजाबाकडे यायला लागली. भिंग घरातच राहिलं, आणि दुपट्यांना अंगणात नवी दोरी मिळाली.