भिवरेची चौदावी बोली

एका राज्यात, जिथे पाच देशांच्या वाटा एकाच वेशीपाशी येऊन मिळत, तिथे भिवरा नावाची एक बाई राहत होती. वेशीबाहेरच्या अन्नछत्रात ती वाटसरूंना रांधून वाढी. उंच, हाडापेराने भक्कम, चाळिशी उलटलेली. पंतोजीचे तोंड तिने जन्मात पाहिले नव्हते आणि तिला अकरा भाषा येत होत्या.

कशा येत होत्या, तेही ऐका. परदेशी पाहुणा आला की ती त्याला ओसरीवर बसवत नसे. थेट चुलीपाशी नेई, पिठाचा गोळा हाती देई आणि विचारी, "याला काय म्हणता? आणि याला? आणि हे सांडलं तर काय म्हणता?" भाकऱ्या भाजून होईपर्यंत तिच्याजवळ तीस शब्द जमलेले असत. ते ती तिथल्या तिथे वापरी, चुकीचे का होईना. पाहुणा पोट धरून हसे, तीही हसे. पण एकदा दुरुस्त झालेला शब्द ती पुन्हा चुकत नसे. नवी बोली कानावर पडली की तिच्या छातीत नगारा वाजू लागे आणि त्या दिवशी आमटीला हमखास मीठ पडत नसे.

त्या राज्याचा राजा धवलकेतू. राजा शूर होता, देखणा होता, आणि त्याला लोकांच्या नकला करण्याचा भारी नाद होता.

एके दिवशी दरबारात एक म्हातारा आला. अंगावर झाडाच्या सालीचे वस्त्र, हातात गाठींची काठी. तो काही बोलू लागला. ती भाषा दुभाष्याला कळेना, पंडितांना कळेना. म्हातारा हात जोडून बोलतच राहिला. राजाला हसू आवरेना. त्याने म्हाताऱ्याच्या सुरात, तसेच हात हलवून, काहीतरी बडबड केली. सारा दरबार खदखदून हसला.

म्हाताऱ्याने काठी एकदाच फरशीवर आपटली आणि तो जिथे उभा होता तिथे कोणी उरले नाही.

राजा "धरा त्याला!" म्हणायला गेला, आणि त्याच्या तोंडून निघाले, "सेमा ओरी तलूक!"

दरबारी पुन्हा हसले. त्यांना वाटले, महाराज अजून नक्कल करताहेत. राजा संतापून ओरडला. जितका ओरडला तितकी तीच परकी भाषा बाहेर पडली. लिहायला गेला तर बोटेही तीच लिहू लागली. संध्याकाळी राणीने त्याच्या पायाला हात लावला तर पाय गार, टणक. घोट्यापर्यंत दगड झाला होता. मग राणी सुवर्णलेखेच्या ध्यानात आले: कोणाला न कळलेला एकेक शब्द, आणि दगड जवभर वर. तिने राजाच्या ओठांवर हात ठेवला. "स्वारींनी आता बोलू नये," ती म्हणाली. तोवर दगड गुडघ्यापर्यंत पोहोचला होता.

देशोदेशीचे पंडित आले. प्रत्येकाने राजाला "बोला" म्हटले आणि प्रत्येकाने मान हलवली. दगड कमरेशी आला. तेव्हा कोणीतरी वेशीबाहेरच्या बाईचे नाव काढले.

भिवरा हाताचे पीठ न झटकताच आली.

"भिवराबाई, ही भाषा तुला येते का?" राणीने विचारले आणि राजाने पहिल्या दिवशी उच्चारलेले ते तीन शब्द सांगितले.

भिवरेचे डोळे लखलखले. "नाही येत, राणीसाहेब! कधी ऐकलीच नाही!" ती इतक्या आनंदाने म्हणाली की प्रधानाच्या कपाळाला आठी पडली. तेव्हा तिला राजाचे दगडी पाय दिसले आणि ती ओशाळली. "शिकता येईल," ती हळू म्हणाली. "पण महाराजांकडून नको. ते शिकवतील आणि दगड होतील. ही भाषा बोलणारा दुसरा शोधते. घोडी द्या."

राणीने आपली घोडी दिली.

पण जायचे कुठे? पाच वाटांपैकी एकाही वाटेने ती भाषा कधी आली नव्हती. भिवरेने विचार केला: वाटांनी जे कळत नाही ते आभाळातल्याला ठाऊक असेल. राज्याच्या सीमेवर वडाच्या झाडावर एक म्हातारा धनेश पक्षी राहत असे. तो बोलतो हे सर्वांना माहीत होते; काय बोलतो ते कोणाला माहीत नव्हते.

सकाळी ती वडाखाली बसली. धनेश ओरडला की काय होते ते पाहू लागली. हा आवाज, आणि पिल्ले ढोलीत दडली. हा आवाज, आणि मादीने चोच पुढे केली. ऊन माथ्यावर येईतो तिने "फळ", "ससाणा" आणि "सरक" हे शब्द धरले. तिसऱ्या प्रहरी तिने मान वर करून आवाज काढला. धनेशाच्या चोचीतले फळ खाली पडले.

"तू मला आत्ता ससाण्याची बायको म्हणालीस," धनेश म्हणाला.

"मला आजोबा म्हणायचं होतं."

"मग शेवटी घसा दाबून धर." भिवरेने धरला. धनेश खूश झाला. "बोल, काय हवं?"

तिने ते तीन शब्द म्हणून दाखवले. धनेश विचार करून म्हणाला, "सात डोंगरांपलीकडे काळ्या तळ्याकाठी एक गाव होतं. तिथे असं बोलत. पूर्वी गलका असायचा. हल्ली वरून जाताना फक्त वारा ऐकू येतो. आणि वाटेत खिंडीत नाग आहे, जपून जा."

चार दिवसांनी खिंड आली. खिंडीच्या मधोमध सोन्यारत्नांची रास होती आणि तिच्यावर वटवृक्षाच्या बुंध्याएवढा नाग पसरला होता. त्या धनाला शाप होता. आपण होऊन जो हात लावी, तो तांब्याचा पुतळा होई. असे सात पुतळे तिथे उभे होते, त्यांतले तीन पळण्याच्या पवित्र्यात.

नागाने शेपूट आपटले. दगड घरंगळले. भिवरेची घोडी थरथर कापू लागली. पण भिवरेला जाणवले, की शेपटाला ताल आहे. दोन जोरात, एक हलका, थांबा. पुन्हा दोन जोरात, एक हलका, थांबा. रागावलेला असे थांबून थांबून कशाला आपटील?

ती जमिनीवर पालथी पडली, तळवे मातीला टेकवले. नागाला कान नसतात. तो जमिनीशी बोलतो, जमिनीतून ऐकतो. एक दिवस आणि दुसऱ्या दिवसाची दुपार ती तशीच पडून राहिली, हाताने ठोके देत, चुकत, पुन्हा देत. शेवटी तिला अर्थ लागला. नाग म्हणत होता, "टोचतंय. काढा. टोचतंय. काढा."

फण्यामागे एक रत्नजडित मुकुट मांसात रुतून बसला होता. शंभर वर्षे तो येणाऱ्या प्रत्येकाला विनवत होता आणि प्रत्येकाने ती धमकी समजून एक तर पळ काढला होता, नाही तर तलवार.

"धनाला हात लावला तर मी पुतळा होईन," भिवरेने ठोके दिले.

"धन माझं आहे. मी सांगतोय," नागाने उत्तर दिले.

तिने डोळे मिटून मुकुट धरला आणि ओढला. तो निघाला. तिची बोटे बोटेच राहिली. तिने मुकुट राशीवर अलगद ठेवला आणि नागाने आपले वेटोळे बाजूला घेऊन तिला वाट दिली.

काळ्या तळ्याकाठी चाळीस घरे होती. एकोणचाळीस घरांच्या छपरांतून झाडे उगवली होती. चाळिसाव्या घरापुढे तोच म्हातारा बसला होता. त्याचे नाव ओरूमाक.

त्याने भिवरेला ओळखले नाही, पण घोडीवरचे राजचिन्ह ओळखले. "परत जा," तो भिवरेच्या भाषेत म्हणाला. "तुमची बोली येते मला. दरबारात मुद्दामच बोललो नाही तिच्यात; माझी बोली कोणी कान देऊन ऐकतं का, ते पाहायचं होतं."

"तुमची शिकायला आले, बाबा."

ओरूमाकने पाठ फिरवली आणि तोंड शिवल्यासारखा बसून राहिला. भिवरेने अकरा भाषांत विनवणी केली. तो हलला नाही. मग तिने अंगणात तीन दगड मांडून चूल पेटवली, आणि रांधता रांधता आपल्याशीच बोलू लागली. तिच्याजवळ तीनच शब्द होते. तिने लाकडाला तलूक म्हटले, पाण्याला तलूक म्हटले, आणि तेही "तलुख, तलुख" असे घशातून खरवडत.

म्हाताऱ्याचे खांदे आखडले. तिने घोडीला "सेम्मा" म्हटले.

"तलूक!" ओरूमाक ताडकन उठून ओरडला. "ऊ लांब! आणि तलूक म्हणजे पकडणं, पाणी नव्हे! पाण्याला विरे म्हणतात! विरे!"

"विरे," भिवरा म्हणाली.

म्हातारा थबकला. सात वर्षांत त्याच्या भाषेतला शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्याने ऐकला नव्हता. तो मटकन खाली बसला. "पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"विरे."

मग तो रडला, आणि मग त्याने शिकवायला सुरुवात केली, तो नऊ दिवस थांबला नाही. मासे, जाळी, नाती, शिव्या, पाळण्यातली गाणी! आंघोळीतही तो बाहेर उभ्या भिवरेला क्रियापदे ओरडून सांगे. भिवरेला जेवणाची शुद्ध राहिली नाही. साथीच्या रोगाने गाव कसे गेले तेही त्याने सांगितले, त्याच भाषेत, आणि तिला सगळे कळले.

"दरबारात काय मागत होतात, बाबा?" तिने विचारले.

"एक माणूस. शिकणारं एक माणूस द्या, एवढंच. मी मेलो की ही बोली मरेल."

"शाप मागे घ्या."

"तो माझ्या हातात नाही राहिला. राजाच्या शब्दाला कोणी समजून उत्तर दिलं तरच फिटेल."

"मग चला!" म्हणत तिने त्याला घोडीवर बसवले.

इकडे महालात अनर्थ झाला होता. राजा वीस दिवस एक शब्द बोलला नव्हता. एकविसाव्या दिवशी पिसाळलेला हत्ती चौकात घुसला आणि पाठमोऱ्या राणीवर चालून गेला. राजा सज्ज्यातून जिवाच्या आकांताने ओरडला, पुन्हा पुन्हा ओरडला. शब्द राणीला कळले नाहीत, आवाज कळला; ती बाजूला झाली, वाचली. राजाचा दगड हनुवटीपर्यंत चढला.

भिवरा धापा टाकत समोर आली तेव्हा त्याचे फक्त तोंड आणि डोळे जिवंत होते. "महाराज, बोला," ती त्याच भाषेत म्हणाली. "मला समजतं."

राजाने ओठ घट्ट मिटले. त्याच्या डोळ्यांत भीती होती. मग त्याची नजर तिच्यामागे उभ्या ओरूमाककडे गेली आणि तो एकच शब्द बोलला.

"इमदोरा."

हा शब्द भिवरेला येत नव्हता! दगड खालच्या ओठाला भिडला. ओरूमाकने तोंड उघडले, पण त्याचा आवाज फुटेना. शापाने त्याचीही जीभ त्या क्षणी बांधली होती.

ती झरझर विचार करू लागली. दोर म्हणजे कान. आणि इम? इम कुठे ऐकले? इमसोल! ओरूमाक तिच्या आमटीला रोज इमसोल म्हणे. सोल म्हणजे मीठ. इमसोल, मिठावाचून. तर मग इमदोरा... कानांवाचून. बहिरा. राजा म्हाताऱ्याला सांगत होता, मी बहिरा होतो.

"होतात, महाराज," भिवरा त्या भाषेत म्हणाली. "आता नाही."

कड्‌कन आवाज झाला. दगडाला भेग गेली ती ओठापासून टाचेपर्यंत. कवच फुटून फरशीवर कोसळले आणि राजा धवलकेतू राणीच्या खांद्याचा आधार घेत उभा राहिला. त्याने "पाणी" म्हटले, आपल्याच भाषेत, आणि दहाजण पाणी आणायला धावले.

पाणी पिऊन झाल्यावर राजा म्हाताऱ्यापुढे गेला, वाकला. "काय देऊ?" त्याने विचारले.

"त्या दिवशी माझं बोलणं अर्धं राहिलं होतं," ओरूमाक म्हणाला.

राजाने त्याला सिंहासनावर बसवले आणि आपण खाली उभा राहिला. ओरूमाक आपल्या बोलीत बोलू लागला आणि भिवरा वाक्यामागून वाक्य सांगू लागली: चाळीस घरे, त्यांतली माणसे, त्यांची नावे, कोण जाळे छान विणी, कोण खोटे बोले, कोणाचे लग्न मोडले. ऊन कलले तरी दरबारातले कोणी उठले नाही. शेवटच्या घराचे शेवटचे नाव त्याने घेतले तेव्हा राजाने ते त्याच्यामागून म्हटले, नीट, स्वर लांबवून. मग प्रधानाने म्हटले, मग साऱ्या दरबाराने.

असा तो शाप फिटला, राजा ताळ्यावर आला, राज्य पूर्ववत चालू लागले. त्यांचे जसे कोणी ऐकून घेतले तसे तुमचेआमचेही कोणी ऐकून घेवो.