पाव नदीचा बंधारा

ऐन दसऱ्याला उदाजी राजाचा पाय बंधाऱ्याच्या चिखलात गुडघ्यापतुर रुतला! पाय वर आला, जरीचा जोडा आतच ऱ्हायला.

कोरटगडाची रीत अशी, की दसऱ्याला राजानं मोहपाड्याच्या बंधाऱ्यावरनं वाकी नदी वलांडायची आन् सीमोल्लंघन करायचं. वाजतगाजत! म्हणून दरसाल दसऱ्याच्या तोंडावर दिवाण खजिन्यातनं पैका काढायचा आन् ह्या काठापासनं त्या काठापतुर मातीचा बंधारा घालायचा. राजा एकदाचा पल्याड गेला, की दिवाणाचं काम झालं! पुढं मोहपाडा गावच्या पाटाला पाणी चढवणारा त्यो बंधारा संक्रांतीला गळायचा, गहू दाणा भरायच्या वक्ताला करपायचा, आन् पावसाळ्यात माती व्हावून जायची. तीस वर्सं ह्योच धंदा. ह्याला काय अक्कल म्हणायची?

राजा वरडला, "पुढच्या दसऱ्याला मला हितं दगडी बंधारा पायजे! पुरात हलता कामा न्हाई. आन् पैका दरसालचा तेवढाच, छदाम जास्ती मिळायचा न्हाई!"

दिवाण नरसोपंतानं हात चोळत इचारलं, "आन् न्हाई झाला तर, सरकार?"

"तर मोहपाड्याचा पाट बंद! पाणी खालच्या अंगाला माझ्या बागंला जाईल."

गाव गारठलं. पाट बंद म्हंजी गावानं बोचकी बांधायची. दगडी बंधाऱ्याला चार सालांचा पैका लागतो, हे शेंबडं पोर बी सांगंल. पर राजाला सांगायचं कुणी? पाटील भुई उकरत बसला. शेताशेताला पाणी सोडणारा म्हातारा पाटकरी येसू, त्यो पागोट्यात तोंड खुपसून बसला.

त्याची सून हौसा म्होरं आली. "हुकूम मान्य, म्हाराज! पर पैका आत्ता माझ्या हातात द्या, दसऱ्याच्या तोंडावर नगं. आन् मधी पंतांनी ढवळाढवळ करायची न्हाई."

"दिला!" राजा म्हणला आन् एका जोड्यानं घरला गेला.

फाल्गुनात नदी उतरली तसं हौसानं दगडकाम जाणणारे वडार बलावले. काठाला खडक लागंस्तवर खणलं, आन् खडकापासनं चुन्यात घडीव दगड चढवत आणला. उंच, रुंद, पोलादासारखा! पर नदीच्या पाव अंगातच. तिथं पैका संपला आन् काम थांबलं.

येसू कपाळ बडवाय लागला. "अगं ए बये! तीन हिस्से नदी उघडी! राजा काय पाण्यावरनं चालत जाणार हाय?"

"मामंजी, तीस वर्सं एका भाकरीचं पीठ चार तव्यांवर थापलं. एक तरी भाकर पोटात गेली का? औंदा म्या एकच तवा धरला."

"आन् राजानं पाट बंद केला म्हंजी?"

"तवा मला शिव्या घाला. आता जेवून घ्या, निवतंय!"

श्रावणात नदी मातली. मुळासकट झाडं येऊन बंधाऱ्यावर आदळली. झाडांचा भुगा झाला, दगूड जागचा हलला न्हाई!

दसरा आला. राजा घोड्यावर, मागं दिवाण, त्याच्या मागं ताशेवाले, शिंगवाले आन् निम्मा गड. घोड्याच्या टापा टणटण वाजल्या तसा राजानं मिशीला पीळ दिला... आन् घोडं खाडकन थांबलं. म्होरं बंधाराच न्हाई! नुसतं पाणी! मागच्यांना काय ठावं? ते वाजवत, नाचत पुढं रेटतायत!

"आरं थांबा रं! मुडद्यांनो, थांबा!" राजा किंचाळला. तवर दिवाणाची पगडी पाण्यात पवाय लागली.

"दगा!" दिवाण बोडक्या डोक्यानं थयथयला. "पाट आत्ताच्या आत्ता बंद करा!"

हौसाला धरून आणलं. राजा गरजला, "बंधारा कुठाय?"

"तुमच्या घोड्याखाली, म्हाराज! दगडी हाय, पुरात हलला न्हाई, पैका दरसालचाच. आता खजिना म्हणतो पाव, आन् नदी म्हणती आख्खी. येक तर खजिना नदीयेवढा करा, न्हाई तर नदीला हुकूम सोडा, पाव अंगानंच धाव म्हणावं!"

दिवाण म्हणला, "पुढल्या सालचं पुढल्या साली बघू! साल सरलं, मंजुरी सरली. तसा कायदाच हाय!"

"पंत, गडाचा तट किती सालांत झाला?"

"अकरा."

"मग दर दसऱ्याला पाडून पुन्यांदा मातीचा घालत व्हता व्हय?"

ताशेवाले फिसकन हसले. राजाची मिशी थरथरली, पर त्यो नमला न्हाई.

"ते ऱ्हाऊ दे. माझ्या सीमोल्लंघनाचं काय? तीस वर्सांत मी पल्याड गेलो न्हाई, असा दसरा झाला न्हाई!"

"तेच सांगती म्हाराज! तुम्ही तीस बार पल्याड गेला, आन् गाव हाय तिथंच ऱ्हायलं! औंदा पाव नदी वलांडून माघारी फिरा. उरलेल्या अंगाला आम्ही गावकरी आमच्या हातानं माती घालतो, गव्हापुरतं पाणी तटंल. पुढल्या साली निम्मी नदी वलांडा, मग पाऊण. चौथ्या साली पल्याड पाऊल ठेवाल, तवा तुमच्या मागं आख्खं गाव पल्याड आलेलं असंल!"

राजानं एकदा म्होरच्या पाण्याकडं बघितलं, एकदा घोड्याखालच्या दगडाकडं. आन् मग असा खदाखदा हसला, की घोडं बिचकलं!

"पंत! ऱ्हायलेल्या तीन सालांचा पैका आजच येगळा काढा. दिवाण बदलू दे, राजा बदलू दे, त्या पैक्याला दुसऱ्या कामासाठी कुणी हात लावायचा न्हाई!" त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाला दिलं. "आन् पंत, शेवटचा दगूड बसंस्तवर तुम्ही मोहपाड्यातच ऱ्हायचं. हिच्या हाताखाली!"

दिवाण रडकुंडीला आला. "सरकार, मी हितं करू काय?"

हौसानं त्याला वरनं खालपतुर बघितलं.

"चुना कालवाय येतो का, पंत?"

राजा पुन्यांदा हसत सुटला, आन् सगळी वरात घोड्यासकट उलट्या पावलांनी काठाकडं निघाली!