उमाच्या हातातली औषधाची बाटली

“मग ती उमा गेली कुठं हुती?” सोमगिरीबाबांनी विचारलं.

“औषध आणायला,” जयवंत म्हणाला. “पुढच्याच ओळीत आहे. वाचतो.”

“नको. औषधाला गेली म्हणून तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला पाहिजे, बाबा? मीच लिहिलंय.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि वाटीतली पेज ढवळू लागले.

जयवंत कुंभोजे शाळेत मराठी शिकवायचा आणि कुमारवयाच्या मुलांसाठी कादंबऱ्या लिहायचा. तीन झाल्या होत्या. त्यांतल्या दोहोंना बक्षिसं मिळाली होती आणि दोन्ही बक्षिसांचे फोटो बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसतील असे लावलेले होते. चौथीचं बाड घेऊन तो वारणेकाठच्या गोसाव्यांच्या मठात आला होता. लहानपणी वडिलांचं बोट धरून यायचा, आता दिवाळीच्या सुट्टीत एकटा यायचा.

मठात माणसं दोनच. सोमगिरीबाबा, आणि त्यांचे गुरुबंधू भैरवपुरी. भैरवपुरींचं उजवं अंग वाऱ्यानं गेलेलं. सहा वर्षं ते ओसरीवरच्या बाजेवर होते. त्यांना भरवणं, पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, सगळं बाबांकडे होतं. बाबा स्वतः सत्तरीचे होते.

जयवंतनं बाड मिटलं.

“तुम्हाला कादंबरीतलं कळायचं नाही, म्हणून सांगतो. मुलांच्या गोष्टीत एक माणूस लागतंच. सांभाळणारं. आई नसली तर थोरली बहीण. बहीण नसली तर आजी. तीही नसली तर शेजारची म्हातारी. ती रागवत नाही, थकत नाही, सगळ्यांचं झाल्याशिवाय जेवत नाही. तिच्या जिवावर पोरं जगभर हुंदडायला मोकळी होतात.”

“आणि ती?”

“ती घरी असते.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत. पोरं दमून आली की दार उघडायला.”

बाबांनी भैरवपुरींच्या ओठाला चमचा लावला. अर्धी पेज आत गेली, अर्धी हनुवटीवरून खाली आली. बाबांनी ती बोटानं पुसली.

“मग तू हितं कशाला आलास?”

...

जयवंतनं बाड उघडून एक पान पुढं केलं. पानाचा कोपरा दुमडलेला होता.

“अक्कानं दुमडलाय.”

अक्का म्हणजे शालन, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि जयवंत नऊ वर्षांचा. वडील गिरणीत पाळीवर. तिनंच त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. कादंबरीतली उमा म्हणजे अक्काच, असं तो सगळ्यांना सांगत होता. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका होती, ‘माझ्या अक्काला’. बाड त्यानं मोठ्या हौसेनं तिला वाचायला दिलं होतं.

“तिचा फोन आला,” जयवंत म्हणाला. “म्हणाली, ‘छान लिहिलंयस. पहिल्या पानावरचं माझं नाव तेवढं काढ. आणि यंदा भाऊबिजेला येऊ नकोस. तुझ्या उमाकडं जा ओवाळून घ्यायला.’ नंतर फोनच उचलत नाही. परवा भाऊबीज आहे, बाबा. छत्तीस वर्षांत एक भाऊबीज चुकलेली नाही.”

“अन् हे पान?”

“हेच आत्ता वाचलं ते. भाऊ तापानं फणफणलाय, उमा दुपारची घराबाहेर पडते आणि दिवेलागणीला औषधाची बाटली घेऊन येते. यात दुखण्यासारखं काय आहे? मला तरी कळत नाही.”

कळत नाही असं तो म्हणाला. म्हणताना पानाकडे मात्र त्यानं बघितलं नाही.

बाबा उठले. हात धुतले. खांद्यावरचा पंचा काढला आणि अंगणापलीकडे जाऊन फाटकाच्या खांबाला अडकवून आले. मग बाजेपाशी वाकले.

“जातो,” ते भैरवपुरींना म्हणाले.

“जा,” भैरवपुरी म्हणाले.

जयवंत चपापला. घरात दुखणाईत माणूस, आणि हा शब्द!

“बाबा, असं म्हणू नये. ‘येतो’ म्हणावं.”

“माझी आईबी असंच सांगायची,” बाबा म्हणाले. “पर हितला नेम हाय. आमच्या गुरूंनी घालून दिलाय. जो आजाऱ्याचं करतो त्यानं दिवसातनं एकदा फाटकाबाहेर जायचं. अन् ‘येतो’ म्हणून जायचं न्हाई.”

“का?”

“अर्ध्या तासानं कूस बदल. राहिलेली पेज घाल.”

“कुठं निघालात? माझी चारची गाडी आहे!”

बाबा फाटकाबाहेर पडले होते.

...

पहिला अर्धा तास जयवंतला बरा गेला. प्रसंग चांगला होता. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागला. थरथरता हात, कृतार्थ डोळे, वगैरे.

भैरवपुरींचे डोळे कृतार्थ वगैरे नव्हते. ते छताकडे बघत होते.

त्यानं कूस बदलायला हात घातला. देह त्याला वाटला होता त्याच्या दुप्पट जड निघाला. पेज भरवली. तिसऱ्या चमच्याला भैरवपुरींना ठसका लागला आणि सगळी पेज जयवंतच्या नव्या सदऱ्यावर आली. सदरा बदलावा म्हणून तो पिशवीकडे वळला, तोवर बाजेखालून वास आला.

बायकोनं दोन मुलांचे लंगोट बदलले होते. जयवंतनं एकही बदललेला नव्हता. श्वास रोखून त्यानं कसंबसं आवरलं, कपडा धुतला, वाळत टाकला. हात तीनदा साबणानं धुतले. चौथ्यांदा हुंगून बघितले.

तासाभरानं पुन्हा तेच.

मग पुन्हा पेज. भैरवपुरींनी तोंड मिटून घेतलं.

“घ्या ना.”

तोंड मिटलेलंच.

“अहो, घ्या म्हणतो ना! मघापासून काय चाललंय हे! एक घास धड गिळता येत नाही?”

आवाज अंगणापार गेला. चमचा त्यानं वाटीत आपटला. आपण कुणावर ओरडलो हे लक्षात आलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भैरवपुरींनी नुसतं एकदा त्याच्याकडे बघितलं आणि नजर पुन्हा छताला लावली.

साडेतीन वाजले. बाबांचा पत्ता नव्हता. खाली रस्त्यावर गाडी चार वाजता यायची आणि टेकडी उतरायला वीस मिनिटं लागायची.

जयवंतनं बाड पिशवीत घातलं. पिशवी खांद्याला लावली. ओसरी उतरला. म्हाताऱ्यानं हाक मारली असती तर थांबायला निमित्त झालं असतं. म्हाताऱ्यानं हाक मारली नाही.

फाटकाच्या खांबाला पंचा लोंबत होता. तो ओलांडून जयवंत बाहेर पडला आणि भराभर चालू लागला. चिंचेपर्यंत गेला. तिथं वारं होतं. छाती भरून श्वास घेतला आणि इतकं मोकळं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली. लाज वाटली तरी बरं वाटायचं थांबलं नाही.

तिथं तो किती वेळ उभा होता, त्याला सांगता येणार नाही. खाली गाडीचा हॉर्न वाजला. गाडी थांबली. गेली.

तो मागे वळला.

ओसरीवर आला तेव्हा भैरवपुरींनी मान वळवली.

“आलास?” ते म्हणाले. शब्द जड होता, पण स्पष्ट होता.

आणि चांगला होता तो डावा हात त्यांनी जरासा उचलला, कूस बदलायला सोपं जावं म्हणून.

...

उन्हं कलल्यावर बाबा आले. खांबावरचा पंचा काढून खांद्यावर टाकला.

“कूस?”

“बदलली. तीनदा.” जयवंतचा आवाज अजून तापलेला होता. “चार तास, बाबा! माझी गाडी गेली. एवढं काय आणायला गेला होतात?”

बाबांनी दोन्ही हात पुढं केले. तळवे वर केले. मग उलटे करून दाखवले. हातात काही नव्हतं.

“औषध?”

“न्हाई.”

“लाकूडफाटा? काहीच नाही? मग होतात कुठं?”

“ओढ्यावर. पाण्यात पाय सोडून बसलो हुतो.”

“चार तास?”

“परत यायचं न्हाई असं ठरवलं हुतं.”

“आज?”

“रोजच ठरवतो.”

“सहा वर्षं?”

“व्हय.”

बाजेवरून एक आवाज आला. भैरवपुरी अर्ध्या तोंडानं हसत होते.

“यांना माहीत आहे?” जयवंतनं विचारलं.

“त्याला सांगूनच जातो की. तू ऐकलंस न्हवं?”

...

जयवंत ओसरीच्या कडेला बसला. सदऱ्यावरची पेज वाळून कडक झाली होती.

“मीपण गेलो होतो,” तो म्हणाला. “चिंचेपर्यंत.”

“हं.”

“आणि त्याआधी ओरडलो. यांच्यावर.”

“हं.”

बाजेजवळ बसून बाबा भैरवपुरींचे पाय चोळू लागले.

“अक्का त्या दिवशी औषध आणायला गेली नव्हती,” जयवंत म्हणाला.

बाबांचे हात चालूच होते.

“मला विषमज्वर होता. एकविसावा दिवस. मी भात ताटासकट भिरकावला. तिनं माझ्या थोबाडीत दिली. हातातला भाताचा डाव चुलीपाशी फेकला आणि म्हणाली, ‘मरा सगळे. जाते मी.’ आणि गेली. दार सताड उघडं टाकून गेली. मी दाराकडे बघत पडून राहिलो. दिवेलागणीला आली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. काही बोलली नाही. भात पुन्हा रांधला.”

“हातात काय हुतं तिच्या?”

...

“काही नव्हतं.”

“मग बाटली कुणी दिली?”

“मी दिली.” मग घाईघाईनं म्हणाला, “मुलं वाचतात, बाबा. दहा-बारा वर्षांची पोरं. सांभाळणारी बाई अशी उठून निघून गेली असं लिहिलं, तर घाबरतील ती.”

“तू घाबरला हुतास?”

“हो. खूप.”

“मग?”

जयवंतचे डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत.

“आली ना ती,” तो म्हणाला.

भैरवपुरींचा एक पाय झाला होता, बाबांनी दुसरा मांडीवर घेतला.

जयवंतनं पिशवीतून बाड काढलं. दुमडलेला कोपरा बोटानं सरळ केला. कोपऱ्यावरची घडी काही गेली नाही. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पेन हातातच राहिलं.

“परवा जातो तिच्याकडं,” तो म्हणाला. “ती ‘येऊ नको’ म्हणाली तरी जातो. ओवाळू दे, नाहीतर थोबाडीत देऊ दे. पण दारच उघडलं नाही तर? ती फार मानी आहे, बाबा. उघडेल ती दार?”

बाबांनी त्याच्या मांडीवरच्या पानाकडे बघितलं.

“आधी हितलं तू उघड,” ते म्हणाले. “जाऊ दे तिला.”