बापालाही नाही

“मग मलाच का आत घेत नाहीत? परके खुशाल ओळख दाखवतात, आणि बाप बाहेर?”

मठाच्या ओसरीवर टेकायच्या आधीच शहाजी काशीद सुरू झाला. बार्शीत कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा माणूस. जगाला शहाणपण शिकवायची भारी खोड. बुवाबाजीला हसायचा. आज पायातली चप्पल काढायचंही भान नव्हतं त्याला.

भैरवगिरी बुवा उदीच्या पुड्या बांधत होते. कागदाचा तुकडा, चिमूटभर उदी, घडी. मान वर केली नाही.

“कुठं आत?”

“कोमलच्या मेलमध्ये.”

कोमल त्याची पोरगी. पुण्याला होस्टेलात डेंग्यूनं गेली, त्याला आठ महिने झाले. तिला नर्स व्हायचं होतं. ह्यानं हट्टानं इंजिनिअरिंगला घातली.

“घरच्या कॉम्प्युटरवर तिचं पान आपोआप उघडायचं, बुवा. कुकी असते. वेबसाइट आपल्याच कॉम्प्युटरात एक चिठ्ठी ठेवून जाते. पुढच्या वेळी चिठ्ठी दिसली की ओळखीचा समजून आत सोडते. पासवर्ड विचारत नाही.”

“बरी सोय.”

“डोंबलाची सोय! जाहिरातवालेही तशाच चिठ्ठ्या ठेवतात. तिनं कधी नर्सिंगचे क्लास शोधले असतील. पोरगी गेली, तरी रोज तेच. ‘नर्स व्हायचंय? आजच प्रवेश घ्या.’ बातम्या बघायला जावं, तिथंही तेच. सोमवारी डोकं फिरलं. झाडून सगळ्या कुकी पुसून टाकल्या.”

“मग?”

“दोन दिवस शांत. तिसऱ्या दिवशी जाहिरात परत हजर. कुठनं आली कोण जाणे. आणि कोमलचं पान म्हणतं, पासवर्ड टाका.”

“टाक की.”

“ठाऊक असता तर इथं आलो असतो का? कुणाला सांगायचा नाही, बापालाही नाही... मीच शिकवलं होतं तिला.”

“मास्तर चांगला आहेस.”

शहाजीचा चेहरा पडला.

“तिचा फोन?”

“पासवर्ड बदलायचा कोड त्यावरच आला असता, पण नंबर बंद केला. मीच. मेलच्या कंपनीला लिहिलं, तर म्हणे आम्ही ग्राहकाचा खासगीपणा जपतो.”

“एवढं काय आहे त्यात?”

शहाजीनं आत्ता कुठं चप्पल काढली.

“एक पत्र. अर्धवट, न पाठवलेलं. वर नुसतं ‘बाबा’. जायच्या दोन दिवस आधीचं.”

“काय लिहिलंय?”

“...उघडलं नाही.”

“आठ महिने?”

“रोज सकाळी बघायचो. उद्या उघडू, म्हणायचो.”

बुवांनी एक कागद घेतला. उदी घातली नाही. नुसतीच घडी घातली आणि शहाजीच्या तळहातावर ठेवली.

“हे तिचं पत्र. वाच.”

“थट्टा करता, बुवा?”

“वाच.”

कागद कोरा, हे ह्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. तरी घडीत नख घातलं... आणि बोटं तिथंच थिजली.

शेवटी त्यानं कागद होता तसा खाली ठेवला आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं.

बुवांनी पुढच्या पुडीची उदी चिमटीत घेतली.

“ह्याला तर कुलूपही नव्हतं रे.”