एका मतदाराचं नाव

"सही करणार आहात की नाही, तेवढं सांगा ताई."

निशिकांत बोंद्रे उभाच होता. बसा म्हटलं तरी बसला नाही. हातातलं पत्र त्याने अंबूताईंच्या समोर धरलं.

अंबूताई ढोले गवारीच्या शेंगा मोडत होत्या. वय एक्क्याऐंशी. पद कुठलंच नाही. पण कासारखेड्यात पक्षाची पहिली शाखा त्यांनी उघडली होती, आणि निशिकांतला भाषण करायला त्यांनीच शिकवलं होतं. आता तो नामांकित वकील होता, शहराध्यक्ष होता. आणि पक्ष नगरपालिकेत चौदा जागांवरून तीनवर आला होता.

"काय लिहिलंय?"

"भागवत इंगोलेला पक्षातून काढा. त्याने आतून आपली माणसं पाडली. बावीस मुद्दे आहेत. तुमची सही असेल तर जिल्ह्याचे लोक नाही म्हणणार नाहीत."

अंबूताई काही बोलायच्या आत फाटकाची कडी वाजली. भागवत इंगोले आत आला. तोही त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, आता पक्षातल्या दुसऱ्या गटाचा म्होरक्या. त्याच्या खिशातूनही घडी केलेला कागद डोकावत होता.

निशिकांतचा चेहरा ताठरला.

"याला कोणी बोलावलं?"

"मी," अंबूताई म्हणाल्या. "भागवत, दे तुझाही कागद."

त्यांनी चष्मा लावला. दोन्ही पत्रं वाचली. सावकाश वाचली. दोघं अंगणाच्या दोन टोकांना उभे होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

"मजकूर एकच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त नावांची अदलाबदल आहे."

"ताई, हा थट्टेचा विषय नाही!" निशिकांत उसळला. "मोठ्या पक्षाबरोबर युती केली असती तर आज सत्तेत असतो. याने होऊ दिली नाही."

"युती केली असती तर पक्षच उरला नसता," भागवत म्हणाला. "तुला खुर्ची हवी होती."

"आणि तुला माझा पराभव."

"बोला," अंबूताई म्हणाल्या. "बोलून घ्या."

दोघं बोलले. कोणाच्या घरी बैठक झाली, कोणी कोणाचं पोस्टर फाडलं, कोण कोणाच्या लग्नाला गेलं नाही. भाजी निवडून झाली. दोघांचे आवाज बसले.

अंबूताईंनी विचारलं, "किती मतं गेली?"

"सहा हजार एकशे चाळीस," निशिकांतने ताबडतोब सांगितलं.

"त्यातल्या एकाचं नाव सांग."

"म्हणजे?"

"जो आधी आपल्याला मत द्यायचा आणि या वेळी दिलं नाही, असा एक माणूस. नाव सांग."

निशिकांतने तोंड उघडलं... मिटलं.

"भागवत, तू?"

भागवत जमिनीकडे बघत राहिला.

"तासभर मी तुम्हा दोघांची नावं ऐकतेय," अंबूताई म्हणाल्या. "तिसरं नाव आलं नाही."



"शिंपी गल्लीत रंगनाथ कुमठेकर राहतो. त्याच्याकडे जा. दोघं, चालत. तो बोलेल तेव्हा मधे बोलायचं नाही. सहीचं मग बघू."

रंगनाथला दोघं ओळखत होते. तीस वर्षं पक्षाचे झेंडे तोच शिवायचा. गल्ली अरुंद होती, दोघांना एकमेकांना खेटून चालावं लागलं.

रंगनाथ ओट्यावर मशीन टाकून बसला होता. त्याने दोघांना एकत्र पाहिलं आणि त्याचा पाय थांबला.

"इलेक्शन तर झालं," तो म्हणाला. "आता काय?"

"ताईंनी पाठवलं," भागवत म्हणाला. "तुमचं ऐकायला."

रंगनाथने शिवायचं कापड बाजूला सारलं.

"ऐकायला... बरं. निवडणुकीच्या दीड महिना आधी आमच्या नळाला पिवळं पाणी यायला लागलं. वास मारायचं. मी बाटलीत भरून तुमच्या ऑफिसला आलो." त्याने निशिकांतकडे पाहिलं. "मला विचारलं, आधी इंगोल्यांकडे जाऊन आलास का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, तुझ्या वॉर्डात त्यांची माणसं आहेत, त्यांनाच जाऊन दाखव."

निशिकांत हलला. मग थांबला.

"मग यांच्याकडे गेलो." आता त्याची नजर भागवतवर होती. "तिथे म्हणाले, पाणीपुरवठा समिती बोंद्र्यांच्या माणसाकडे आहे. येऊ दे पाणी घाण, लोकांना कळू दे ते काय लायकीचे आहेत."

आतून भांड्याचा आवाज आला आणि थांबला.

"सुनेला सातवा महिना होता. पाणी उकळून देत होतो. पण माणूस कुठे कुठे उकळणार? कावीळ झाली. जिल्ह्याला नेलं. चौथ्या दिवशी ती गेली. पोटातलंही गेलं."

...

"मी कोणालाच मत दिलं नाही. मतदानाच्या दिवशी घरीच होतो."

बोलायचं नाही, हे ताईंचं सांगणं निशिकांत विसरला.

"आमच्या ऑफिसात तुमच्याशी कोण बोललं?"

रंगनाथ त्याच्याकडे बघत राहिला.

"तुम्हीच, वकीलसाहेब."

निशिकांतला आठवेना. त्याने आठवायचा प्रयत्न केला, बाटली, माणूस, काहीतरी... काहीच आठवेना. आणि ते न आठवणंच त्याला सहन होईना.

"आणि आमच्याकडे..." भागवतने सुरुवात केली.

"तुम्ही."

भागवत ओट्याच्या पायरीवर बसला. "समिती त्यांच्याकडे होती," तो पुटपुटला. "मला वाटलं..." त्याला पुढे बोलवेना.

निशिकांतला उत्तर देता आलं असतं. गेलं वर्षभर भागवतचं असं एकही वाक्य त्याने उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. या वेळी तो गप्प राहिला. मग तोही त्याच पायरीवर, भागवतच्या शेजारी बसला. दुसरी जागाच नव्हती.

त्याने विचारलं, "आता पाणी कसं येतंय?"

रंगनाथ उठला. त्यांना गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेला. उघड्या गटारातून पाण्याचा पाइप गेला होता. सांध्याला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. त्यातून बुडबुडे येत होते.

"असं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणीपुरवठा अभियंत्याच्या दारात निशिकांत आणि भागवत एका चटईवर बसले. पक्षाचे तिन्ही नगरसेवक सोबत होते. दोन निशिकांतचे, एक भागवतचा. अभियंता आधी हसला. "तुम्ही दोघं एकत्र? किती वेळ?" असं त्याने विचारलं.

ते तीन दिवस बसले. दुसऱ्या दिवशी शिंपी गल्लीतल्या बायका येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी रंगनाथ आला. तो यांच्याजवळ बसला नाही, बायकांच्या मागे बसला. संध्याकाळी अभियंत्याने काम सुरू करायचा हुकूम काढला. पंधरवड्यात गटाराच्या वरून नवा पाइप गेला.

रंगनाथने आभार मानले नाहीत. निशिकांत भेटायला गेला तेव्हा त्याने एवढंच केलं, ओट्यावरचं कापड उचलून त्याला बसायला जागा केली. निशिकांत तिथे अर्धा तास बसला.

त्यानंतर भोई गल्लीतली एक बाई ऑफिसात आली. तिने अध्यक्ष कोण, गट कोणता, काही विचारलं नाही. "आमच्याकडेही या," म्हणाली.

महिन्याभराने दोघं अंबूताईंकडे गेले. या वेळी एकाच गाडीवर. निशिकांतच्या चालण्यात जुना ताठा थोडा परतला होता.

"ताई, भांडण मिटलं," तो म्हणाला.

"कसं?"

"युतीचा विषयच काढायचा नाही, असं ठरवलंय. तो त्याच्या मताचा, मी माझ्या. बैठकीत कोणी विषय काढला तर दुसऱ्या मुद्द्यावर जायचं. आता एकही आवाज चढत नाही."

भागवतने मान डोलावली. पण नजर वर केली नाही.

अंबूताईंनी एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"भागवत, युती करावी असं तुला आता वाटतं का?"

"नाही."

"निशिकांत, तुझं मत बदललं?"

"...नाही."

"लोकांना सांगितलंत हे?"

"लोकांसमोर कशाला ताई?" निशिकांत गडबडला. "मोठ्या मुश्किलीने शांतता झालीय. पुन्हा भांडताना दिसलो तर मतं कशी परत येतील?"

अंबूताई उठल्या. भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आल्या आणि दोघांच्या पाठीवर एकेक हात ठेवून त्यांना बाहेरच्या दिशेने वळवलं.

"भांडा," त्या म्हणाल्या. "पण रंगनाथच्या ओट्यावर बसून भांडा."