सुळकीच्या दारावर फरशी

ऐका हं. कान इकडे, बोटं तोंडातून बाहेर.

एक होती सुळकी. सुळकी म्हणजे गांडूळ. दोऱ्याएवढी बारीक, पेन्सिलीएवढी लांब, आणि गुलाबी. हात नाहीत, पाय नाहीत. डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं, ते तिचं तिलाच ठाऊक. पण चालायची कशी ऐटीत. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

सुळकीचं घर मातीत. कुठल्या मातीत? कुमुदबाईंच्या अंगणातल्या. अंगण केवढं? चार चटया टाकल्या की संपलं. घराला दार एकच, गोल, करंगळीएवढं. आत गार गार, ओलं ओलं, अंधार अंधार. गांडुळाला आणखी काय हवं?

एकदा काय झालं, सकाळी सुळकी नाश्त्याला बाहेर पडली. गळक्या नळाखाली एक कुजकं पान होतं. मस्त कुजलेलं. तुम्ही नाक मुरडू नका, तुम्हाला कुणी देत नाहीये. सुळकीनं पान खाल्लं. पाणी प्यायलं. ढेकर दिला. आणि सुळुक सुळुक घरी आली.

बघते तर काय, दारच नाही. दारावर फरशी. भली मोठी, काळीनिळी, जड जड फरशी.

झालं होतं असं. कुमुदबाईंना अंगणात बाग करायची होती. बसायला फरश्यांची जागा, तिथे टेबल, टेबलावर मोठ्ठी छत्री आणि एक मोगरा. त्यांनी स्वतः नकाशा काढला. चौकटीच्या कागदावर, रंगीत पेन्सिलींनी. मग शिदूमामा गवंडी आले. त्यांनी रेती पसरली. रेतीवर फरश्या मांडल्या. ठक ठक, ठोक ठोक. सुळकीचा नाश्ता होईस्तोवर अख्खं अंगण फरश्यांनी भरलं.

मोगऱ्याचं रोप तेवढं राहिलं. काळ्या पिशवीत उभं. त्याला कुठे लावायचं, कुणालाच आठवेना. इकडे ठेवलं, तिकडे ठेवलं, शेवटी बादलीत ठेवलं.

तिकडे ऊन गच्चीवर येऊन बसलं होतं. आणि गांडुळाला उन्हाची भारी भीती. ऊन लागलं की गांडूळ वाळतं, शेवेसारखं कडक होतं. ऊन अंगणात यायच्या आत सुळकीला घरात जायचं होतं. घाबरली बिचारी. खरंच घाबरली.

सुळकी फरशीला म्हणाली, "फरशीआक्का, फरशीआक्का, जरा सरका.
मी घरात जाऊ कशी?"

फरशी म्हणाली, "पहार हलल्याशिवाय मी सरकत नाही."

पहार म्हणजे लोखंडाची लांब दांडी. जड दगड उचकटायची. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या उभ्या पेंगत होती. सुळकी निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"पहारमावशी, पहारमावशी, जरा हला.
फरशी काही सरकेना,
मी घरात जाऊ कशी?"

पहार म्हणाली, "शिदूमामांनी उचलल्याशिवाय मी हलत नाही." आणि परत पेंगायला लागली.

ऊन गच्चीवरून खिडकीवर आलं.

शिदूमामा बशीतून चहा पीत होते. फुर्रर्र, फुर्रर्र. सुळकी त्यांच्या चपलेपाशी गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"शिदूमामा, शिदूमामा, पहार उचला.
पहार काही हलेना,
फरशी काही सरकेना,
मी घरात जाऊ कशी?"

मामांनी बशी खाली ठेवली. मिशी पुसली. मागे एका घरी त्यांनी न विचारता एक फरशी काढली होती. ती चारदा लावावी लागली होती. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता.

शिदूमामा म्हणाले, "बाईंनी सांगितल्याशिवाय मी उचलत नाही."

कुमुदबाई खुर्चीत बसून बाग बघत होत्या. बागेत झाड एकही नव्हतं, पण त्या बघत होत्या. सुळकी गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"बाई, बाई, मामांना सांगा.
मामा काही उचलेनात,
पहार काही हलेना,
फरशी काही सरकेना,
मी घरात जाऊ कशी?"

कुमुदबाई म्हणाल्या, "नकाशानं दाखवल्याशिवाय मी सांगत नाही."

झालं. ऊन खिडकीवरून जिन्यावर आलं. एक पायरी, दुसरी पायरी, तिसरी पायरी.

नकाशा होता टेबलावर. सुळकी टेबलाचा पाय चढली. चढली, घसरली, परत चढली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. वर जाऊन बघते तर नकाशावर एक बोका झोपलेला. लठ्ठ, पांढरा, नाव लोडोबा. नकाशाची चार टोकं तेवढी दिसत होती. मधे सगळा बोका.

सुळकी एका टोकापाशी वाकली.

"नकाशेभाऊ, नकाशेभाऊ, जरा दाखवा.
बाई काही सांगेनात,
मामा काही उचलेनात,
पहार काही हलेना,
फरशी काही सरकेना,
मी घरात जाऊ कशी?"

बोक्याखालून आवाज आला. दबलेला, चपटा. नकाशा म्हणाला, "बोका उठल्याशिवाय मी दाखवत नाही."

मग बोक्याला उठवायचं ना, असं तुम्ही म्हणाल. पण कुमुदबाईंच्या घरी नियम होता. झोपलेल्या लोडोबाला उठवायचं नाही. पाहुणे आले तरी नाही, पोस्टमन आला तरी नाही. शिदूमामांनी सुद्धा बोक्याच्या कडेकडेनं नकाशा वाचला होता. शेपटीकडे दोन फरश्या, मिशांकडे तीन फरश्या. आणि बोक्याखाली काय? ते दिसेना. म्हणून तिथेही मामांनी फरशीच लावली.

पण सुळकीला घरात जायचं होतं. ती बोक्याच्या कानापाशी गेली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. अगदी हळू म्हणाली. तुम्हीही हळू म्हणा.

"लोडोबा, लोडोबा, जरा उठा.
नकाशा काही दाखवेना,
बाई काही सांगेनात,
मामा काही उचलेनात,
पहार काही हलेना,
फरशी काही सरकेना,
मी घरात जाऊ कशी?"

लोडोबानं एक डोळा उघडला. अर्धाच. लोडोबा म्हणाला, "ऊन नाकावर उतरल्याशिवाय मी उठत नाही." आणि अर्धा डोळा मिटला.



ऊन? ज्याच्यापासून पळायचं, त्यालाच जाऊन बोलवायचं? सुळकीच्या पोटात गोळा आला. सुळकी सगळी पोटच की, म्हणून गोळाही लांबलचक आला.

पण बसून काय होणार? ऊन तसंही जिना उतरून अंगणात आलं होतं. इकडच्या फरश्या तापल्या, तिकडच्या फरश्या तापल्या. सावली उरली फक्त छत्रीखाली. टेबल सावलीत, बोका सावलीत, आणि सुळकीचं बंद दारही सावलीत.

सुळकी टेबलावरून उतरली. सावलीच्या काठाशी गेली. सुळुक... सुळुक... सुळुक. नाक तेवढं पुढे काढलं. चटका बसला. नाक मागे घेतलं.

"ऊनबाबा, ऊनबाबा, जरा उतरा.
बोका काही उठेना,
नकाशा काही दाखवेना,
बाई काही सांगेनात,
मामा काही उचलेनात,
पहार काही हलेना,
फरशी काही सरकेना,
मी घरात जाऊ कशी?"

उन्हाला खरंच वाटेना. त्याला आजवर एकाही गांडुळानं बोलावलं नव्हतं. त्यानं तीनदा विचारलं, मलाच ना? मलाच ना? मलाच ना?

"तुम्हालाच," सुळकी म्हणाली.

"अगं, मी आलो तर तू वाळशील."

"ठाऊक आहे. पण तुम्ही लवकर आलात, तर मी लवकर घरी जाईन."

उन्हाला तिचं कौतुक वाटलं. पण ऊन म्हणालं, "छत्री मिटल्याशिवाय मी उतरत नाही."

छत्री टेबलाच्या मधोमध होती. लाल, गोल, फुगलेली. सुळकी परत टेबलावर, टेबलावरून दांड्यावर. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. आता अंग कोरडं पडायला लागलं होतं. तरी चढली.

"छत्रीकाकू, छत्रीकाकू, जरा मिटा.
ऊन काही उतरेना,
बोका काही उठेना,
नकाशा काही दाखवेना,
बाई काही सांगेनात,
मामा काही उचलेनात,
पहार काही हलेना,
फरशी काही सरकेना,
मी घरात जाऊ कशी?"

छत्री म्हणाली, "खिट्टी निघाल्याशिवाय मी मिटत नाही."

खिट्टी कुठे? दांड्याला एक भोक. भोकात खिट्टी. इवलीशी, घट्ट, गाल फुगवून बसलेली. छत्री तिच्यावरच तोललेली, म्हणून भाव खात होती.

सुळकीनं मोठा श्वास घेतला. तुम्हीही घ्या. आता सगळं म्हणायचंय.

"खिट्टे, खिट्टे, जरा नीघ.
छत्री काही मिटेना,
ऊन काही उतरेना,
बोका काही उठेना,
नकाशा काही दाखवेना,
बाई काही सांगेनात,
मामा काही उचलेनात,
पहार काही हलेना,
फरशी काही सरकेना,
मी घरात जाऊ कशी?"

खिट्टी म्हणाली, "गुदगुल्या झाल्याशिवाय मी निघत नाही." आणि वर म्हणते कशी, या भोकात कुणाचं बोट जातच नाही, त्यामुळे मला गुदगुल्या होतच नाहीत.

बोट जात नसेल. पण सुळकी?

सुळकी दोऱ्याएवढी बारीक. सुळकीनं डोकं घातलं भोकात. की शेपूट घातलं, ते तिचं तिलाच ठाऊक. आणि आत वळवळली. वळवळ वळवळ, वळवळ वळवळ.

खिट्टी म्हणाली, खी. मग म्हणाली, खी खी. मग खी खी खी खी करत टिंग करून बाहेर उडाली.

छत्री मिटली, फडाप.
ऊन उतरलं, झप्प.
लोडोबाच्या नाकावर बसलं, टप्प.

लोडोबाला शिंक आली. आ... आ... आछ्छू. बोका उठला. त्यानं आळस दिला, शेपटी उभी केली आणि टेबलाखाली निघून गेला.

नकाशा उघडा पडला. चौकटी, चौकटी, आणि मधोमध एक हिरवा गोल. हिरव्या पेन्सिलीनं गिरवून गिरवून काढलेला.

इकडे सुळकी खिट्टीबरोबर उडून पडली होती खाली, आपल्या दारावरच्या फरशीवर. फरशी तापत होती. सुळकी सुळुक करायला गेली, पण सुळुक होईना. नुसतंच सुळ... सुळ...

कुमुदबाईंनी नकाशा बघितला. हिरवा गोल बघितला. बादलीतलं रोप बघितलं. आणि कपाळावर हात मारला. हे तर मोगऱ्याचं आळं. त्यांनीच काढलेलं. इथे फरशी लावायचीच नव्हती, इथे माती ठेवायची होती.

मग त्यांना फरशीवर सुळकी दिसली.

"मामा, ही फरशी काढा. आधी काढा, चहा मग."

बाईंनी सांगितलं.
मामांनी पहार उचलली.
पहार हलली, खण्ण.
फरशी सरकली, घर्रर्र.

फरशीखाली रेती, रेतीखाली माती. मामांनी बोटांनी रेती बाजूला केली. आणि मातीत एक दार. गोल, करंगळीएवढं. मामांनी नळाचं पाणी दारापाशी थोडं शिंपडलं, आणि मऊ हातानं सुळकीला तिथे ठेवलं.

सुळ... सुळ... सुळुक.

सुळकी घरात गेली. आत गार गार, ओलं ओलं, अंधार अंधार. तिनं अंग सैल सोडलं. किती बरं वाटलं तिला, काय सांगू.

मग दाराशेजारी मोगरा लागला. त्याची मुळं खाली आली, सुळकीच्या घरात. सुळकीनं त्यांना जागा करून दिली. माती भुसभुशीत करून दिली. छत्रीला खिट्टी बसली, सावली परत आली. हळूहळू मोगऱ्याला कळ्या आल्या, आणि कुमुदबाई खुर्चीत बसून बाग बघायला लागल्या. आता बघायला झाड होतं.

एक फरशी मात्र उरली. ती कुठे लावायची? मामांनी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, नकाशात बघू.

नकाशा टेबलावर होता. नकाशावर लोडोबा झोपला होता.

म्हणून ती फरशी अजून भिंतीला टेकून उभी आहे, पहारीच्या शेजारी. दोघी पेंगतात.

सुळकी शिरली घरात, गोष्ट राहिली कानात.